आधी बाहेर, मग माती

माझा आवाज मोठा आहे. यंत्रमागाच्या घरात दिलेली बाई हळू बोलायला लागली, तर तिचं तिलाच ऐकू यायचं नाही. कबनूरला आमच्या भिंतीच्या पलीकडे माग आणि अलीकडे स्वयंपाकघर. साधं 'मीठ द्या' म्हणायचं तरी ओरडून. त्यात राग नाकावर. त्यामुळे जे सांगायचं ते मी मोठ्याने आणि सरळ सांगते. माझ्या धाकट्या भावाचं हातातोंडाशी आलेलं पदक गेलं ते त्याच्या हातामुळे. पायामुळे नाही. आमच्या गावात आजही कोणी विचारलं तर माणसं सवयीने 'पाय पडला' म्हणतात. ती सवय गावाला मी लावली.

माझं माहेर बिद्रीकडचं. साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येतो इतपत जवळ. घरचा ऊस, म्हशी, आणि घराला लागून तालीम. तालीम गावाची, पण तिची किल्ली कायम आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, कमरेला. आबा पैलवान. त्यांच्या उमेदीत जत्रेच्या मैदानात त्यांची कुस्ती लागली की बायकासुद्धा माडीवरून बघायच्या, असं आई सांगायची. कौतुकाने सांगायची की तक्रारीने, ते कधी कळलं नाही. पुढे आबांचा गुडघा गेला आणि ते वस्ताद झाले. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली जोर-बैठका काढून मोठी झालेली.

तालमीतल्या लाल मातीच्या हौदात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावायचा, हे सगळीकडेच करतात. आबांचा कटाक्ष बाहेर पडण्यावर होता. कुस्ती मारा नाहीतर मार खा, हौदातून पाय बाहेर काढायच्या आधी वाकायचं, मातीला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा, मगच बाहेर. विसरला की पाठीत धपाटा, मग तो कुणाचाही पोर असो.

"जिनं अंगावर घेतलं तिला सांगितल्याबिगर उठून जायाचं व्हय रं?" ते म्हणायचे. "पावणा बी जाताना येतो म्हणतोय की!"

भाऊ माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि मी लग्न होऊन कबनूरला. सुट्टी लागली की तो माझ्याकडे यायचा आणि माझ्या सासूबाई भाकऱ्यांचं पीठ दुप्पट मळायला घ्यायच्या. अंगाने असा की दारात उभा राहिला की घरात अंधार. आबांना वाटलं, देवाने आपला गुडघा नेला आणि बदल्यात हे पोरगं दिलं.

पण त्याच्या अंगात जी रग होती ती मनात नव्हती. समोरच्याला पाडलं की हा आधी त्याला उठवायला हात द्यायचा, लागलं का म्हणून विचारायचा. आबा कपाळावर हात मारून घ्यायचे. "कुस्ती खेळतोयस का पाव्हणचार करतोयस?" एकदा याच्या हाताखाली एका पोराचा खांदा निखळला. तो पोरगा बरा होऊन परत तालमीत आला, हा काही गेला नाही. शाळेतल्या खेळाच्या सरांनी त्याच्या हातात गोळा दिला होता आणि तो याला आवडला होता. मी विचारलं, कुस्ती सोडून हे लोखंड काय धरलंस? तर म्हणाला, "गोळ्याला दुखत न्हाय की, अक्का."

आबांनी अबोला धरला. आमच्या घरात अबोला म्हणजे बोलायचं सगळं, पण म्हशीशी. "सांग त्येला, वैरण टाक म्हणावं," असं आबा म्हशीला सांगायचे आणि भाऊ मुकाट्याने वैरण टाकायचा. मी माहेरी आले की मला हसूही यायचं आणि दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावासाही वाटायचा. हे बरेच महिने चाललं. मग एकदा तो राज्याच्या शालेय स्पर्धेत पहिला येऊन घरी आला. घरात न शिरता आधी तालमीत गेला, हौदात उतरला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मग घराची पायरी चढला. आबा ओसरीवर बसून बघत होते. म्हशीला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी लोहाराकडून लोखंडी पट्टीचं मोठं कडं वाकवून आणलं आणि तालमीच्या मागे जमिनीत बसवलं. आत हौदातली लाल माती घातली, पाणी मारून धुमसाने चोपली. हे भावाचं गोळा फेकायचं वर्तुळ.

"फेक काय फेकायचं ते," आबा त्याला म्हणाले. "पर ह्यातनं भाईर पडताना माती इसरायची न्हाय."

तेवढाच दोघांमधला तह. भावाने तो आयुष्यभर पाळला.

आता गोळाफेकीचा एक नियम सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गोळा फेकून झाला की खेळाडूने वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं असतं. तसं बाहेर पडायच्या आधी अंगाचा कुठलाही भाग बाहेरच्या जमिनीला टेकला, तर पंच लाल बावटा दाखवतात. मग गोळा कितीही लांब पडलेला असो, ती फेक मोजत नाहीत. वर्तुळाच्या पुढच्या कडेला एक पांढरी फळी असते, तिच्यावर पाय पडला तरी लाल बावटाच. घरच्या वर्तुळात माती आतच होती, त्यामुळे वाकून हात लावला तरी काही बिघडायचं नाही. पण मोठ्या मैदानांवर वर्तुळ सिमेंटचं. माती सगळी बाहेर. सरावाच्या शिबिरातल्या प्रशिक्षकांनी घरची सवय मोडून काढून त्याला नवी लावली होती: फेकायचं, थांबायचं, वळायचं, मागून बाहेर पडायचं, आणि मग कडेच्या मातीला हवा तेवढा नमस्कार करायचा. वर्षानुवर्षं तो तसंच करत आला. एकदाही चुकला नाही.

ज्या वर्षी त्याची आशियाच्या स्पर्धेसाठी निवड झाली, त्याच वर्षी ऊस तुटून गेल्यावर लकव्याने आबांची उजवी बाजू गेली. सकाळी गोठ्यात पडलेले सापडले. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी कबनूरचा संसार नवऱ्यावर टाकून माहेरी येऊन राहिले. नवरा आणि माग, दोघंही एकमेकांच्या आवाजात सुखी होते. आबांची जीभ जड झाली होती, पण बोललेलं कळायचं. डावा हात चांगला होता आणि तो सारखा काहीतरी मागत असायचा, पाणी, काठी, तालमीची किल्ली.

भाऊ शिबिरातून धावत आला आणि जात नाही म्हणून बसला. एवढा मोठा बाप्या, आबांच्या पायाशी बसून लहान पोरासारखा नाक ओढत होता. आबांनी त्याला डाव्या हाताने काठी दाखवून घालवला. तिकडे गेल्यावर, स्पर्धेच्या आदल्या दिवशी, त्याने फोनवर तोंड दाखवलं. मी फोन आबांसमोर धरला. आबांनी डाव्या हाताने तो जवळ ओढला. मग एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलले.

"म्या बघणार हाय. ह्या खेपंला बघणार. फुडचं ठावं न्हाय. माती इसरू नगंस."

"न्हाय इसरत, आबा," भाऊ म्हणाला. त्याने बाहीला नाक पुसलं. मला तेव्हाच वाटलं होतं, आज हे बोलायला नको होतं. पण बापाने लेकाला माती विसरू नको म्हटलं, यात कोणी तोंड घालायचं?

तिकडे संध्याकाळ होती, आमच्याकडे दुपार कलत होती. तालमीच्या ओसरीवर टीव्ही मांडला. वीज जाईल म्हणून दूध संस्थेतला इन्व्हर्टर उचलून आणला. आबांना खुर्चीसकट चौघांनी आणून सगळ्यांच्या पुढे बसवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली सगळी माणसं जमली होती, कोणाचे केस पांढरे, कोणाचं पोट सुटलेलं. गोळाफेकीतलं ओ की ठो कोणाला कळत नव्हतं, पण टीव्हीला सूचना देणं चालू होतं. "कंबार खाली घे!" "मान सांभाळ!" मधेच टीव्हीवाले धावण्याची शर्यत दाखवायचे आणि ओसरीवरून शिव्यांचा पाऊस पडायचा. "ह्या पळणाऱ्यास्नी कशाला दावतोय? ती काय पळूनच जाणार!"

भाऊ आधी सहावा होता, मग पाचवा, मग चौथा. एकेक फेक झाली की वळून मागच्या बाजूने बाहेर पडत होता आणि कडेला वाकून मातीला हात लावत होता. पण त्या वेळी कॅमेरा दुसऱ्याकडे वळलेला असायचा. आबांना ते दिसत नव्हतं. प्रत्येक वेळी ते मान पुढे काढायचे आणि परत मागे टेकायचे.

शेवटची फेक राहिली. त्याने गोळा मानेला लावला, डोळे मिटले, ओठ हलले. मग तो फिरला. एवढं धूड कसं फिरलं ते देवाला माहीत. गोळा सुटला तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो इन्व्हर्टरच्या घरघरीतूनही अंगावर आला. गोळा तिसऱ्या नंबरच्या खुणेच्या पलीकडे पडला. स्पष्ट पलीकडे. आम्हा अडाण्यांनाही दिसलं.

ओसरी उठून उभी राहिली. मी मात्र भावाकडे बघत होते. त्याने दोन्ही हात वर केले, खाली घेतले, आणि पायाशी बघितलं. काहीतरी शोधत होता. खाली सिमेंट होतं. समोर, पांढऱ्या फळीच्या पलीकडे, बारीक माती पसरलेली होती. तो वाकला, फळीवरून हात पुढे नेला, मातीवर तळवा टेकवला आणि कपाळाला लावला.

"लावली!" आबा ओरडले. पडल्यापासून त्यांचा एवढा आवाज आम्ही ऐकला नव्हता. "माती लावली त्येनं! बघा रं, लावली!" डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत होते.

आणि पंचाने लाल बावटा वर केला.

भावाचा हात अजून कपाळावर होता. तो खाली आणायला त्याला बराच वेळ लागला.

तालमीतला एक जुना गडी कॉलेजात असताना थाळी फेकायचा. त्याला नियम माहीत होता. "आयला, हात..." एवढं त्याच्या तोंडून निघालं. मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचं त्याने गिळलं. आबा मान वळवून सगळ्यांना विचारत होते. "लाल का? लाल का दावला?" गोळा पडला, माती लावली, सगळं बरोबर झालं, मग लाल का? त्यांचा चेहरा अजून हसत होता. आनंद ओसरला नव्हता आणि कोडं पडलं होतं.

"पाय पडला, आबा," मी म्हणाले. "फळीवर पाय पडला त्याचा."

माझा आवाज मोठा आहे, त्याचा तेवढा एक चांगला उपयोग झाला. तो ओसरीच्या टोकापर्यंत गेला. मग ज्याने आयला म्हटलं होतं तोच म्हणाला, "व्हय वस्ताद, पायच. म्या बगितला." मग दुसऱ्यानेही बघितला. मग सगळ्यांनीच बघितला.

तिसऱ्या नंबरवाल्याला शेवटच्या फेकीत काही वाढवता आलं नाही. भावाची ती फेक मोजली असती, तर ब्राँझ आमचंच होतं. भाऊ चौथा आला.

"पाय," आबा म्हणाले. "एवढं शिकवून पाय." थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाले, "पर माती इसरला न्हाय."

मला तिथे बसवेना. मी गोठ्यात गेले आणि म्हशीच्या अंगाला टेकून रडले.

भावाचा फोन आला तो दिवेलागणीला. पहिलं वाक्य, "आबा काय म्हणालं?"

"म्हणाले, माती विसरला नाहीस."

मग तो म्हणाला, "आणि लाल?"

"पाय पडला म्हणून सांगितलंय. सगळ्या गावाने सांगितलंय."

मला वाटलं फोन कट झाला. मग तो म्हणाला, "बेस केलंस, अक्का. पायच पडला."

आमच्या गावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. कोणाच्या घरी काय शिजलं ते झाकण काढायच्या आधी वेशीवर कळतं. पण ही एक गोष्ट गावाने पोटात ठेवली. न्हावी दाढी करायला यायचा तो पायाबद्दल हळहळायचा. दूध घालून परतणारे दारात थांबून म्हणायचे, "पायानं घात केला बगा, वस्ताद." पेपरात फोटो आला होता, नेमका वाकून मातीला हात लावतानाचा. खाली कारण छापलेलं. मी कात्रीने फोटो तेवढा ठेवला. आबांनी तो काच लावून तालमीत टांगायला लावला. "पोरास्नी दिसू दे, कुटं बी गेलं तरी काय इसरायचं न्हाय त्ये." तिथे व्यायाम करणारा प्रत्येक जण त्या फोटोखालून मान खाली घालून जायचा.

एकदा निपाणीकडचा आमचा मामा आला. त्याने येताना बसमध्ये सगळी स्पर्धा फोनवर बघितली होती आणि ते ज्ञान त्याला आवरत नव्हतं. "भावजी, तसं बगाय गेलं तर ह्यो हाताचा..." म्हणेपर्यंत मी त्याच्या पायावर पाय दिला आणि पुढ्यात झुणक्याचं ताट आपटलं. तो बिचारा कळवळला. आबांनी विचारलं, काय झालं? म्हणाला, "पाय." आबा म्हणाले, "बग, तुज्या भाच्याचं बी त्येच."

भाऊ परत आला. गावाने हलगी लावायची ठरवली होती, त्याने वेशीवरूनच बंद करायला लावली. घरात येऊन आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांनी डाव्या हाताने त्याच्या पाठीत धपाटा घातला. जोर नव्हता, पण घातला.

"पाय कसा पडला रं गाढवा?"

"पडला, आबा," तो म्हणाला. "चुकलं माजं."

दुसऱ्या दिवसापासून आबांनी त्याचा पाय सुधारायला घेतला. रोज सकाळी त्यांची खुर्ची तालमीमागच्या वर्तुळाजवळ न्यायची. पुढच्या कडेला फळी म्हणून एक वासा ठेवलेला. एवढा आशियात चौथा आलेला माणूस, तो वर्तुळात उभा राहून नुसता पाय टाकायचा आणि फिरवायचा. आबा काठीने त्याची पोटरी टोचायचे. "मागं. आनी मागं. तितंच ऱ्हायला पायजे." तो मान डोलवायचा. त्याच्या पायात तर काहीच खोट नव्हती! मला ते बघवत नव्हतं. एकदा मी त्याला चुलीपाशी गाठलं आणि म्हणाले, किती दिवस ऐकून घेणार आहेस? तुझं शिबिर सुरू झालंय, तिकडे जा.

"आबांचं हाय तवर हाय," तो म्हणाला. "पाय म्हणत्यात तर म्हणू दे की. त्येंच्या शब्दानं पदक गेलं म्हणून कळलं तर त्ये काय जगणार हायत व्हय?"

मला त्याचा राग आला, आणि त्याचा अभिमान वाटला, आणि मी त्याच्या पानात तूप जरा जास्त वाढलं.

एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. या सगळ्या दिवसांत तो नुसता पाय टाकत होता, गोळा हातात घेत नव्हता. त्यामुळे फेकही नाही आणि मातीला हात लावणंही नाही. एका सकाळी आबा म्हणाले, "पाय बसला आता. गोळा घे." भावाने गोळा आणला. मानेला लावला, फिरला, सोडला. गोळा उसाच्या बांधापर्यंत गेला. पाय वाशाच्या आत, जिथल्या तिथे.

"हां!" आबा खूश झाले. "आता माती."

भाऊ वाकला. त्याचा हात खाली गेला आणि मातीच्या वर थांबला. ती घरची माती होती, वर्तुळाच्या आतली. तिथे लाल बावटा दाखवायला कोणी पंच नव्हता. तरी त्याचा हात थांबला आणि झटकन मागे आला. त्याने मागे वळून बघितलं, मागच्या बाजूने बाहेर पडला, आणि मग बाहेरच्या जमिनीला हात लावला.

आबांचं सगळं आयुष्य समोरच्याचा हात कुठे थबकतो ते बघण्यात गेलं होतं. त्यावरून ते डाव ओळखायचे. त्यांनी भावाच्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग माझ्याकडे. मी उसाकडे बघायला लागले.

"पाय न्हवता तर," आबा म्हणाले.

"पायच हुता, आबा," भाऊ म्हणाला.

आबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. घरी न्यायची खूण केली. वाटेत तालमीच्या दारात खुर्ची थांबवायला लावली आणि आत टांगलेल्या त्या फोटोकडे बघत राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी भाकरी कुस्करून दुधात घालून नेली, तर डाव्या हाताने ताटली सरकवली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. आई गेली तेव्हाही आबांना मी तसं बघितलं नव्हतं. "पदक म्या खाल्लं," ते भिंतीला सांगत होते. म्हशीलासुद्धा नाही, भिंतीला. भाऊ उंबऱ्यात बसून होता आणि आत यायची त्याची छाती होत नव्हती. शेवटी मीच त्याला दंडाला धरून आत ढकलला. तो आबांच्या गेलेल्या पायाला तेल लावत बसला, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

सकाळी आबांनी त्याला जवळ बोलावलं. मी चहा घेऊन आले होते.

"मला एवढं दिस पाय-पाय करू दिलंस?"

भाऊ खाली बघत होता.

"ह्यो तुजा न्येम काय हाय त्यो सांग."

त्याने सांगितला. आधी मागून बाहेर, मग माती. आबांनी ऐकून घेतलं. परत एकदा सांगायला लावलं. मग त्याचा हात आपल्या डाव्या हातात धरून म्हणाले, "मग तसंच करायचं. आदी भाईर ये. मग माती. घाई न्हाय. माती कुटं पळून जातीया व्हय?"

भावाने मान हलवली.

"आनी फोटू काढू नगा," आबा म्हणाले. "चूक दिसली पायजे. माजी हाय ती."

त्यानंतर आबा फार दिवस राहिले नाहीत. भावाने शिबिराला जायचं टाळलं ते टाळलंच, आणि मी त्यावरून त्याच्याशी भांडायचंही सोडून दिलं. रोज सकाळी खुर्ची वर्तुळाजवळ जायची. आबा आता काठी टोचायचे नाहीत. फेक झाली की भाऊ वळायचा, मागून बाहेर पडायचा, कडेला वाकायचा. आबा दर वेळी मान डोलवायचे. उसाला तुरे आले तेव्हा एका पहाटे त्यांनी पाणी मागितलं आणि ते यायच्या आधीच गेले.

बायकांनी स्मशानात यायचं नसतं, असं चुलते म्हणाले. मी म्हणाले, बघू कोण अडवतं ते. कोणी अडवलं नाही. गावातली तालमीची सगळी माणसं नदीकाठच्या शेडपाशी उभी होती, ज्याने पाय बघितला म्हणून सांगितलं तो थाळीवाला गडीही. भावाने अग्नी दिला. मग पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं. गोळा जिथे टेकायचा त्याच उजव्या खांद्यावर. चितेभोवती फेरे घातले, चुलत्यांनी दगडाने मडक्याला भोकं पाडली, पाण्याची धार त्याच्या पाठीवरून खाली वाहत होती. शेवटी मडकं मागे सोडायचं आणि मागे न बघता निघायचं असतं.

मडकं फुटल्याचा आवाज आला. भाऊ तिथेच उभा राहिला. त्याचे गुडघे वाकले. हात खाली निघाला. त्या ओल्या मातीला तो तिथेच हात लावणार, असं मला वाटलं, आणि सगळ्यांनाच वाटलं असणार. कारण कोणी पुढे झालं नाही, कोणी 'चल' म्हणालं नाही.

तो सरळ उभा राहिला. सावकाश चालत शेडच्या बाहेर आला. पायरी उतरला. दोन्ही पाय बाहेरच्या जमिनीवर टेकले. मग तो वाकला, मातीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. बराच वेळ तसाच राहिला. घाई केली नाही.